अक्काच्या तोंडून

विट्याचे मामा काहीतरी बोलले आणि बैठकीत हसू पसरलं. मध्यस्थ तात्यांचे खांदे हलले, त्यांच्या बशीतले पोहे चटईवर सांडले. मामांनी हात लांब करून माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसलो. काय बोलणं झालं ते मला कळलं नव्हतं, पण पाठीवर थाप पडली की हसायचं, एवढं माहीत होतं.

मी अक्काकडे बघितलं. ती पाहुण्यांसमोर पाटावर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन.

"काय म्हणाले?" मी भुवया उडवून विचारलं.

अक्का माझ्याशी आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची. "म्हणाले, पोरगा कष्टाचा दिसतो."

मला बरं वाटलं. मी मामांकडे बघून मान लववली. तेवढ्यात अक्का पाटावरून उठून मामांच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. ती मामांना काय म्हणाली ते मला दिसलं नाही, तिची पाठ माझ्याकडे होती. समोरची तोंडं मात्र दिसली. तात्यांचा घास तोंडातच राहिला. मामांचा भाचा, नवरा मुलगा, प्रल्हाद त्याचं नाव, मान खाली घालून चटईकडे बघत होता. मामांचं हसू मिशीखाली तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. आईनं कपाळाला हात लावला.

अक्का आत निघून गेली.

आठव्या वर्षी मला मेंदूचा ताप आला. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा कान गेले होते. बोलता येत होतं, वाचता येत होतं, फक्त ऐकू येत नव्हतं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी असलेली अक्का तेव्हापासून माझे कान झाली. बाजारात, शाळेत, लग्नकार्यात ती माझ्या समोर उभी राहायची आणि लोक काय म्हणतात ते ओठांनी सांगायची. बाकीच्यांचे ओठ मला जमायचे नाहीत. कुणाची मिशी आड यायची, कुणी भरभर बोलायचं, कुणी बोलता बोलता तोंड फिरवायचं. अक्काचे ओठ म्हणजे छापलेलं पुस्तक.

आणि अक्का भांडकुदळ होती. इचलकरंजीतल्या आमच्या बोळात हे सगळ्यांना ठाऊक होतं. रॉकेलच्या रांगेत ती दुकानदाराच्या अंगावर गेली होती. न्हाव्याच्या दुकानातून मला अर्ध्या डोक्यानिशी ओढून बाहेर काढलं होतं. काकूंशी तर तिनं बोलणंच टाकलं होतं. दर वेळी मी विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, काही नाही, भाव जास्त सांगितला. किंवा, काही नाही, उगाच. मग मी तिचा दंड धरून मागे ओढायचो आणि त्या माणसाकडे बघून हात जोडायचो. लोक चांगले होते. माझ्याकडे बघून हसायचे, पाठ थोपटायचे. अक्काला सत्ताविसावं लागलं तरी लग्न जमत नव्हतं ते तिच्या तोंडामुळं, असं मला वाटायचं. आईलाही वाटत असेल. वडील नव्हते. घरातला कर्ता म्हणून बोलायचं तर मीच होतो.

म्हणून त्या दुपारी मी पुढं झालो. मामा उठून चपला शोधत होते. मी त्यांच्यासमोर गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, निदान मोठ्यानं असावं, "चुकलं तिचं. माफ करा. ती मनानं वाईट नाही." आणि वाकून त्यांच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

मामांनी मला खांद्याला धरून उठवलं. चेहऱ्यावर पुन्हा हसू होतं. तात्यांकडे बघून काहीतरी बोलले. मी वळून बघितलं तर आतल्या दारात अक्का उभी होती. तिनं ते बघितलं होतं. मी तिला विचारलं, "आता काय म्हणाले?"

ती आत वळली.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत रहाटावर कांड्या भरत बसली होती. कारखान्यातून सूत यायचं, अक्का आणि आई घरी ते कांड्यांवर गुंडाळून द्यायच्या. मी तिच्या समोर जाऊन बसलो.

"एवढा चांगला माणूस," मी म्हणालो. "स्वतःचे माग आहेत त्यांचे. पोरगा सरळ आहे. तू काय बोललीस त्यांना?"

"चहा घ्या म्हटलं."

"चहा घ्या म्हटल्यावर कुणी उठून जातं?"

अक्का रहाट फिरवत राहिली.

"तुला सगळी माणसं वाईटच दिसतात," मी म्हणालो. "माझ्याकडं बघ. माझ्यासारख्याला लोकांनी काय काय बोलायला पाहिजे होतं. मला आजवर कुणी वाईट बोललं?"

तिनं रहाट थांबवला. मग ओठ अगदी सावकाश हलवून म्हणाली, "नाही. तुला कुणी कधी वाईट बोललं नाही."

मला वाटलं, मी जिंकलो.

पाहुणे तात्यांकडेच मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मालकांबरोबर मामा कारखान्यात आले. मालक जुने माग विकायला काढणार होते आणि मामांना ते बघायचे होते. मी तिथंच मागावर होतो.

यंत्रमागाचा कारखाना ज्यानं ऐकला आहे तो सांगतो की आत शिरलं की डोकं फुटतं. मला ते पायातून कळतं. जमीन थरथरते, दात थरथरतात. आत कुणाला कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे ओठ ताणून, तोंड मोठं करून, हातवारे करून बोलतात. धागा तुटला, मालक आले, चहा आला, सगळं असंच. म्हणून मला कारखाना आवडायचा. दाराच्या आत सगळेच माझ्यासारखे होते, आणि त्यांच्यात मी जुना होतो. तिथले कामगार मला सरळ वाचता यायचे, आणि त्यांना हे माहीत होतं. मामांना माहीत नव्हतं.

मला बघून त्यांनी हात वर केला. मीही केला. कालचं त्यांनी मनात ठेवलं नाही म्हणून मला हायसं वाटलं. मग ते मालकांना घेऊन पलीकडच्या मागापाशी गेले आणि आडवा धागा नेणारा धोटा कसा धावतो ते वाकून बघू लागले. बघता बघता मालकांशी बोलू लागले. त्यांचा जन्म मागावर गेलेला. मिशी असली तरी तोंड असं उघडायचे की शब्द लांबूनही दिसावा. काल घरात त्यांचा एक शब्द मला कळला नव्हता. आज सगळे कळत होते.

"काल ह्याच्या बहिणीला बघायला गेलो होतो," मामा म्हणाले.

मालकांनी मान हलवली.

"मी आपलं सरळ विचारलं. म्हटलं, असला नग घरात एकच हाय, का बियाणंच तसलं? पुढं आमच्याकडं बहिरी पोरं नकोत निपजायला."

मालकांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"पोरगी ताडकन उठली. म्हणाली, खाऊन झालं असलं तर ताटावरनं उठा. माझ्या भावाला नग म्हणणाऱ्याला ह्या घरात चहा मिळत नाही." मामा हसले. "आणि गंमत बघा. हे बहिरं पुढं आलं आणि माझ्याच..."

पुढचा शब्द मला लागेना. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. माया की बाया की पाया, मी अजून विचार करत होतो तेवढ्यात मामांनी स्वतःच करून दाखवलं. दोन्ही हात जोडले, मान वाकडी केली, तोंड थोडं उघडं टाकलं, आणि वाकून हवेतल्या हवेत कुणाच्या तरी पायांवर डोकं टेकल्यासारखं केलं. तोंड उघडं टाकलेलं, तो मी होतो.

मालक वळले. त्यांची आणि माझी नजर भेटली. त्यांनी झटकन मामांच्या दंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट न दाखवता काहीतरी सांगितलं. मामा सरळ उभे राहिले. माझ्याकडे बघितलं.

आणि माझे हात जोडले गेले. मी जोडले नाहीत. ते आपोआप वर आले, तोंडावर हसूही आलं, आणि मी त्यांना नमस्कार केला.

इतक्या वर्षांनी त्या दिवसातलं बाकी सगळं मी शांतपणे आठवू शकतो. ते हात नाही.

माझा माग थांबला होता. ताणा तुटून धागे लोंबत होते आणि कापडावर हातभर खराबी आली होती. मालक थोड्या वेळानं एकटेच माझ्याकडे आले. ओठ ताणून म्हणाले, "मनावर घेऊ नको." मी मान हलवली. मग म्हणाले, "घरी जा आज."

घरी गेलो तेव्हा आई बाहेर गेली होती. अक्का रहाटावर होती.

"काल मामा काय म्हणाले होते?" मी विचारलं.

"सांगितलं की. पोरगा कष्टाचा दिसतो."

"अक्का, मी वाचलं. कारखान्यात. ते मालकांना सांगत होते."

तिच्या हातातून सूत सुटलं. ती माझ्याकडे बघेना. माझ्याशी बोलायचं नसलं की समोरच्यानं तोंड फिरवलं तरी पुरतं. मी तिच्यापुढं जाऊन बसलो.

"रॉकेलवाला काय म्हणाला होता?"

"जाऊ दे भालू."

"सांग."

"म्हणाला, हा दगड रांगेत कशाला आणला. नंबर पुकारला तर दगडाला काय कळणार."

"न्हावी?"

"तुझ्या कानापाशी कात्री वाजवून गिऱ्हाइकांना हसवत होता. तुला दिसत नव्हतं. तुझी मान खाली होती."

"काकू?"

"आईला म्हणाल्या, तापातच गेला असता तर सुटला असता. तूही सुटली असतीस."

त्या दिवशी मी काकूंना पोचवायला बोळाच्या टोकापर्यंत गेलो होतो. अक्काच्या वतीनं त्यांची माफी मागितली होती. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला होता. तो हात अजून मला मायेचाच वाटत होता. कदाचित होताही.

"मी तुझ्या नावानं माफी मागत हिंडलो," मी म्हणालो. "सगळ्यांची."

"मागायचास," ती म्हणाली. "मला सवय झाली होती."

"मला का नाही सांगितलंस?"

अक्कानं सूत पुन्हा हातात घेतलं, खाली ठेवलं. "तू दवाखान्यातून आलास ना, तेव्हा बोळातल्या बायका बघायला आल्या होत्या. तू मला विचारलंस, ह्या काय बोलतात? त्या बोलत होत्या, आता हा जगून काय उपयोग. मी केवढी होते? काय सांगणार तुला? म्हटलं, त्या म्हणतात भालू बरा झाला. तू हसलास. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा हसलास." तिनं भरलेली कांडी बाजूला ठेवली. "मग दुसऱ्या दिवशी पण विचारलंस."

मी तिच्याकडे बघत होतो. माझं भलं, हसरं जग सगळं हिच्या तोंडातून आलेलं होतं. आणि मी ज्याला तिचा भांडखोरपणा म्हणत होतो तो माझ्या कानांवर येणारा एकेक शब्द होता, तिनं मधल्यामध्ये अंगावर घेतलेला. माझ्यावर आलेलं ती झेलायची आणि वर मी तिलाच गप्प करायचो, लोकांसमोर, हात जोडून.

"यापुढं जसं असेल तसं सांग," मी म्हणालो.

तिनं मान हलवली.

"तो पोरगा? प्रल्हाद?"

"तो हसला नाही," अक्का म्हणाली.

"मग?"

"बोललाही नाही."

"तुला पसंत होता?"

तिनं तोंड फिरवलं. परत वळली ती वेगळंच बोलत. "तात्यांकडं निरोप पाठवू. नाही म्हणून."

"मी जातो," मी म्हणालो.

"मी येते बरोबर."

"नको. मी जातो."

तात्यांचं घर गावभागात. दिवेलागणीला पोचलो. ओसरीवर मामा, तात्या आणि प्रल्हाद बसले होते, दारात तात्यांच्या दोन नाती खेळत होत्या. अक्काशिवाय मी कुणाच्या घरी बोलायला गेलेला तो पहिलाच दिवस. वाटेत वाक्य घोकत गेलो होतो.

"माझी बहीण नाही म्हणते," मी म्हणालो. "मामा, काल मी तुमच्या पाया पडलो. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नव्हतं म्हणून."

नातींनी एकमेकींकडे बघितलं आणि तोंडावर हात धरले. खांदे हलत होते. तात्यांनी त्यांना आत हाकललं. माझा आवाज मला ऐकू येत नाही. कसा येत असेल त्याची कल्पना मला त्या दोन पोरींच्या खांद्यांवरून आली. मामा तात्यांशी काहीतरी बोलले. माझ्याकडे बघून नाही. मला पानाच्या डागाचे दात तेवढे दिसले.

मी निघालो. कोपऱ्यापर्यंत आलो तोच मागून कुणीतरी हात धरला. प्रल्हाद होता, अनवाणीच आलेला. घाईघाईनं बोलू लागला. बोळात अंधार उतरत होता, रस्त्यावरचा दिवा अजून लागला नव्हता. त्याचे ओठ बारीक होते आणि तो भरभर बोलत होता. मी त्याच्या तोंडाकडे जीव एकवटून बघितलं. एकही शब्द लागला नाही. तो थांबला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तेच पुन्हा म्हणाला. ह्या वेळी सावकाश, एकेक शब्द सोडून. माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला होता.

मला म्हणता आलं असतं, कळलं नाही. तळहातावर बोटानं लिही म्हणता आलं असतं, आम्ही घरी लिहायचो तसं. पण मी नुकताच त्या ओसरीवर ताठ मानेनं बोलून आलो होतो. आता पुन्हा बहिरा व्हायची मला लाज वाटली. मी समजल्यासारखी मान हलवली.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यानं माझा हात घट्ट दाबला. मग दचकून मागे वळला, घरातून त्याला हाक आली असावी, आणि तो गेला.

अक्का दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मामा काय म्हणाले?"

"तात्यांशी बोलले. दिसलं नाही." मी पायरीवर बसलो. मग म्हणालो, "प्रल्हाद मागं आला होता. कोपऱ्यावर. काहीतरी सांगत होता, तुझ्यासाठीच असावं. दोनदा सांगितलं."

"काय?"

त्या दिवशी खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. "मला कळलं नाही," मी म्हणालो. "आणि कळलं अशी मान हलवली."

मला वाटलं, ती आता रागावेल. रागावायलाच हवं होतं. ती घरात गेली, कंदील घेऊन आली आणि माझ्या समोर खाली बसली. कंदील माझ्या तोंडाशी धरला.

"तोंड कसं हलत होतं?" ती म्हणाली. "करून दाखव."

मी डोळे मिटले. त्याचे ओठ आठवले, दुसऱ्या वेळचे, सावकाश हलणारे. मग डोळे उघडून तसेच ओठ हलवले. आवाज न काढता.

"पुन्हा."

मी पुन्हा केलं. अक्का पुढं झुकली होती, कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांवर नजर लावून. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. मी मात्र तिच्याकडे असं जन्मभर बघत आलो होतो.

"शेवटचं पुन्हा."

मी शेवटचं पुन्हा केलं.

तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तिनं कंदील खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं, नुसतं तोंड, बराच वेळ.

पुढं दोन-अडीच वर्षांनी अक्का निपाणीला दिली. भावजी बिजवर, तंबाखूच्या वखारीत कामाला. सगळं बरं चाललंय असं अक्का सांगते. प्रल्हाद कुठं असतो मला ठाऊक नाही. विट्याला मी कधी गेलो नाही.

"काय म्हणाला?" मी तिला त्या संध्याकाळी विचारलं.

तिनं पदर बाजूला केला. माझ्या डोळ्यांत बघून, ओठ नीट, स्पष्ट हलवत म्हणाली, "काही नाही रे. म्हणाला, जपून जा."

मी मान हलवली. जपून जा म्हणताना ओठ एकदाच मिटतात. त्याचे तीनदा मिटले होते.